वाहतूक हेलिकॉप्टर : खरेदीनंतरचे प्रश्न

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत भारतीय हवाई दलाच्या वाहतूक हेलिकॉप्टरांविषयी आलेला लेख मी आवडीने वाचला. एमआय-१७ हे साठ वर्षांपूर्वीच्या आराखड्यावर बेतलेले जुनाट यंत्र असून ते लवकरात लवकर मोडीत काढावे आणि त्याच्या जागी अमेरिकी चिनुकसारखी आधुनिक हेलिकॉप्टरे आणावीत, असा त्या लेखाचा एकंदर सूर होता. माझी उमेदीची वर्षे हवाई दलाच्या तांत्रिक शाखेत गेली आणि त्यातला मोठा काळ याच जातीच्या हेलिकॉप्टरांच्या देखभालीत गेला. निवृत्तीनंतर मी बडोद्यात स्थायिक झालो आहे. त्या अनुभवाच्या आधारे एवढेच सांगावेसे वाटते की दुखणे आहे हे खरे, पण लेखकाने बोट भलत्याच जागी ठेवले आहे. यंत्राच्या वयाची चिंता करण्याचे तूर्त कारण नाही. चिंता आहे ती त्याच्या सुट्या भागांची, ओव्हरहॉलची (म्हणजे मुदतीनंतर यंत्र पूर्ण उघडून, तपासून पुन्हा जोडण्याची) आणि त्याच्यानंतर त्याची जागा घेणाऱ्या हेलिकॉप्टरची, ज्याचे अजून पहिले उड्डाणही झालेले नाही.

आराखड्याच्या वयाचा मुद्दा आधी निकालात काढू. सोव्हिएत अभियंते मिखाईल मिल यांच्या संस्थेने १९५०च्या दशकात एमआय-४ हे हेलिकॉप्टर बनवले होते. त्याचे अवजड पिस्टन इंजिन नाकात, वैमानिकांच्या बैठकीखाली बसवलेले असे आणि तेथून तिरका दांडा वर नेऊन रोटरला, म्हणजे माथ्यावर फिरणाऱ्या पात्यांच्या चक्राला, शक्ती पुरवली जाई. टर्बाइन इंजिन ताकदीच्या मानाने बरेच हलके आणि आटोपशीर असते. मिल यांनी ते उचलून छतावर नेले, वैमानिकांना खाली नाकात बसवले आणि मधली सगळी जागा माणसांसाठी व सामानासाठी मोकळी केली. एमआय-१७चे पूर्वज असलेल्या एमआय-८ची मूळ कल्पना एवढी सरळ होती. त्याचा पहिला नमुना १९६१ मध्ये उडाला, तोही एका इंजिनावर आणि एमआय-४कडून घेतलेल्या चार पात्यांच्या रोटरवर. पुढच्याच वर्षी दोन इंजिनांचा नमुना आला आणि नंतर रोटरला पाच पाती झाली. या दुसऱ्या इंजिनाचे मोल भार वाहण्यापुरते नाही. उड्डाणात एक इंजिन बंद पडले, तर दुसरे आपोआप जास्तीचा जोर घेते आणि वैमानिकाला उतरण्यासाठी जागा शोधायला अवधी मिळतो. या कुळातली सतरा हजारांहून अधिक हेलिकॉप्टरे आजवर कझान आणि उलान-उदे येथील कारखान्यांतून बाहेर पडली आहेत, आणि आराखडा फसलेला असता तर हा आकडा गाठला गेला नसता.

आता गंमत अशी की, लेखकाने ज्या चिनुकला आधुनिकतेचे प्रशस्तिपत्र दिले आहे, तेही २१ सप्टेंबर १९६१ रोजीच प्रथम उडाले, म्हणजे दोघांचा जन्म एकाच वर्षीचा. तेव्हा आराखड्याच्या जन्मसालावरून एकाला मोडीत काढायचे असेल, तर दुसऱ्याचीही गय करता येणार नाही. वस्तुस्थिती अशी आहे की दोन्ही हेलिकॉप्टरांचा सांगाडा मूळचा राहिला आणि इंजिने, गिअरबॉक्स, पाती, कॉकपिटमधील उपकरणे अशा बाकीच्या बहुतेक गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या बदलत गेल्या.

हे बदल किती खोलवरचे होते, ते एमआय-८ आणि एमआय-१७ शेजारी उभी केली म्हणजे कळते. एमआय-८च्या प्रत्येक इंजिनाची ताकद सुमारे १,५०० अश्वशक्ती होती, ती एमआय-१७ मध्ये १,९००च्या घरात गेली. हेलिकॉप्टरला स्वतःभोवती गरगरू न देणारा शेपटीचा पंखा उजवीकडून डावीकडे आणल्यामुळे त्याची पकड सुधारली. उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन १२ टनांवरून १३ टनांवर गेले. शिवाय छतावर इंजिनांच्या मागे एक छोटे साहाय्यक टर्बाइन आले. बाहेरच्या माणसाला या शेवटच्या गोष्टीचे काही वाटणार नाही, पण आम्हा तंत्रज्ञांना तिचे मोल फार होते. एमआय-८चे इंजिन विजेवर चालू होत असे, त्यामुळे बॅटरी थंडीने गारठली की जमिनीवरच्या विजेच्या ट्रॉलीची वाट पाहावी लागे. एमआय-१७ मध्ये ते छोटे टर्बाइन आधी सुरू होते आणि त्याच्या दाबाच्या हवेवर मोठी इंजिने फिरू लागतात. ज्या हेलिपॅडवर चार दगडांना चुना फासण्यापलीकडे कोणतीही सोय नाही, तेथे इंजिने बंद करून थांबण्याचा आणि पुन्हा सुरू करून परतण्याचा भरवसा त्यामुळे मिळाला.

(येथेच एक लहानशी दुरुस्ती सुचवतो. लेखासोबत जे छायाचित्र छापले होते, त्याखाली एमआय-१७ असे लिहिले होते. पण त्यातील शेपटीचा पंखा उजव्या बाजूला दिसतो. म्हणजे ते एमआय-८ आहे आणि ते हेलिकॉप्टर आपल्या हवाई दलाने डिसेंबर २०१७ मध्येच समारंभपूर्वक निवृत्त केले.)

हे यंत्र देखणे नाही, हे मी मान्य करतो. त्याची चाके आत जात नाहीत, पोटाशी दोन्ही बाजूंना इंधनाच्या टाक्या लटकलेल्या असतात आणि आत बसल्यावर शेजारच्याशी बोलायचे तर त्याच्या कानाशी ओरडावे लागते. पण ज्याने हा आराखडा केला, त्याने देखभाल करणाऱ्या माणसाचा विचार केला होता, हे पहिल्या दिवसापासून जाणवते. इंजिनांवरची झाकणे उघडून बाहेर पाडली की तीच उभे राहायची फळी होतात, त्यामुळे शिडी किंवा क्रेन नसली तरी माणूस वर चढून इंजिनाचे काम करू शकतो. पात्यांच्या बाबतीतही तसेच. प्रत्येक पात्याच्या आतून लांबीभर धातूचा पोकळ कणा गेलेला असतो आणि त्यात दाबाने हवा भरलेली असते. कण्याला केसाएवढी चीर गेली, तरी दाब उतरतो आणि पात्याच्या मुळाशी असलेल्या दर्शकात लाल रंग दिसू लागतो. पहाटे उड्डाणापूर्वी वर चढून, रोटर हाताने फिरवत, एकेका पात्याचा दर्शक टॉर्चच्या उजेडात पाहायचा, ही आमची नित्याची पहिली तपासणी असे. लाल दिसले की पुढची चर्चा नाही. कितीही मोठा अधिकारी वाट पाहत असो, हेलिकॉप्टर जमिनीवरच राहते. लाखो रुपयांची संगणकीय यंत्रणा जे काम करते, ते येथे कोंडलेली हवा आणि लाल रंगाची एक पट्टी करते.

भारतात या कुळाची सेवा एमआय-४पासून सुरू होते. १९७१च्या युद्धात सिल्हेटला आणि नंतर मेघना नदीपलीकडे सैनिक उतरवले ते एमआय-४ने. पूल पाडलेला असताना नदी ओलांडून ढाक्याच्या दिशेने सरकता आले, याचे मोठे श्रेय त्या हेलिकॉप्टरांना आणि ती रात्रीही उडवणाऱ्या वैमानिकांना आहे. त्यानंतर एमआय-८ आले. १९८७च्या ऑक्टोबरमध्ये श्रीलंकेतल्या जाफना विद्यापीठाच्या मैदानात सैनिक उतरवताना गोळ्यांनी चाळण झालेली एमआय-८ तळावर परतल्याची हकिगत हवाई दलात आजही सांगितली जाते. १९८०च्या दशकात एमआय-१७ आले आणि सियाचिनच्या पायथ्याच्या तळांवर रसद पोहोचवण्याचा मोठा भार त्यांनी उचलला. अगदी वरच्या चौक्यांपर्यंत छोटे चीता हेलिकॉप्टरच जाते, पण चीताने वर न्यायचे सामान आधी खाली आणून द्यावे लागते आणि ते काम एमआयचे.

उंचीचा प्रश्न येथे नीट समजून घेतला पाहिजे, कारण खरेदीच्या चर्चेत तो बहुधा निसटतो. माहितीपत्रकात एमआय-१७ चार टन भार वाहते असे लिहिलेले असते, पण तो आकडा समुद्रसपाटीच्या थंड हवेचा असतो. उंचावर हवा विरळ होते, तेव्हा पात्यांना आधार कमी मिळतो आणि इंजिनांनाही हवा कमी मिळते, म्हणजे मार दुहेरी बसतो. उष्णतेनेही हवा विरळच होते. बडोद्यात मे महिन्याच्या दुपारी जो पारा चढतो, तोच पारा हेलिकॉप्टरच्या खात्यातून काही माणसे वजा करतो. लडाखमधल्या एखाद्या हेलिपॅडवर दुपारी दोन वाजता किती वजन न्यायचे, हे माहितीपत्रकातल्या आकड्याने ठरत नाही. त्या दिवशीचे तापमान, वारा आणि टाकीतले इंधन पाहून वैमानिक आणि फ्लाइट इंजिनिअर तक्त्यावर ते आधी ठरवतात. म्हणूनच डोंगरी सेवेत सकाळचे उड्डाण महत्त्वाचे, आणि म्हणूनच तेथे 'जास्त भार' या शब्दांपेक्षा 'शिल्लक ताकद' हे शब्द अधिक ऐकू येतात.

हाच अनुभव ध्यानात घेऊन हवाई दलाने डिसेंबर २००८ मध्ये एमआय-१७ व्ही-५ जातीच्या ८० हेलिकॉप्टरांचा करार केला आणि पुढे आणखी ७१ मागवून संख्या १५१ केली. १७ फेब्रुवारी २०१२ रोजी ती औपचारिकरीत्या सेवेत दाखल झाली. यांना अधिक ताकदीची इंजिने, हवामान रडार सामावणारे निमुळते नाक, पडद्यांवर माहिती दाखवणारे कॉकपिट आणि मागे दोन पाखांच्या दारांऐवजी सरळ खाली उतरणारा रॅम्प आहे. हवाई दलातल्या मध्यम हेलिकॉप्टरांचा कणा आज हीच आहेत. त्यांच्यातल्या पहिल्यांना सेवेत येऊन दीड तपही उलटलेले नाही. वाहतूक हेलिकॉप्टरच्या हिशेबात हे वय भर तारुण्याचे म्हणावे लागेल.

लेखकाने ८ डिसेंबर २०२१च्या कुन्नूरजवळच्या अपघाताचा दाखला देऊन यंत्रावर संशय घेतला आहे, तो मला अन्यायाचा वाटतो. त्या अपघातात संरक्षणप्रमुख जनरल बिपिन रावत यांच्यासह १४ जणांचा मृत्यू झाला आणि त्याचे दुःख साऱ्या देशाने केले. पण हवाई दलाच्या चौकशीने यांत्रिक बिघाड, घातपात आणि हलगर्जीपणा या तिन्ही शक्यता फेटाळल्या. दरीतल्या हवामानात अचानक बदल होऊन हेलिकॉप्टर ढगात शिरले, वैमानिकांचे दिशाभान हरपले आणि यंत्र सुस्थितीत असतानाच डोंगरावर आदळले, असा तिचा निष्कर्ष होता. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या अहवालात याच अपघाताच्या कारणापुढे 'मानवी चूक' असे नोंदले गेले. या दोन नोंदींमधल्या फरकावर वाद होऊ शकतो. ढगात शिरण्याचा क्षण हा चूक मानायचा की दुर्दैव, हे खुर्चीत बसून ठरवणे मला प्रशस्त वाटत नाही. पण दोन्ही नोंदींत हेलिकॉप्टर दोषी नाही, एवढे तरी निर्विवाद आहे.

कारगिलची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्यातून शिकण्यासारखेही अधिक आहे. २८ मे १९९९ रोजी तोलोलिंगच्या परिसरात रॉकेटचा मारा करणारे एक एमआय-१७ खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने पडले आणि त्यातले चौघेही हुतात्मा झाले. क्षेपणास्त्राला चकवणारे फ्लेअर सोडण्याची सोय त्या हेलिकॉप्टरवर नव्हती, असे नंतर प्रसिद्ध झाले. त्यानंतर या हेलिकॉप्टरांना त्या लढाईत हल्ल्याच्या कामावरून काढून घेण्यात आले. वाहतुकीच्या यंत्राला रॉकेटे लावता येतात म्हणून ते लढाऊ यंत्र होत नाही, हा धडा त्या चार जणांच्या प्राणांच्या मोलाने मिळाला. तेथेही आराखडा कमी पडला असे म्हणता येत नाही. कमी पडले ते त्याच्यावर वेळेत न बसवलेले उपकरण.

चिनुकविषयी माझ्या मनात आदरच आहे. मार्च २०१९ मध्ये चंडीगडला दाखल झालेल्या या हेलिकॉप्टरला उलटसुलट फिरणारे दोन मोठे रोटर असल्यामुळे शेपटीच्या पंख्यावर ताकद खर्ची पडत नाही. ते सुमारे दहा टन उचलते आणि चार टनांहून थोडी अधिक वजनाची एम-७७७ ही हलकी तोफ गळाला लावून सहज डोंगरावर नेऊन ठेवते. पण आपल्याकडे ती आहेत पंधरा. अपाचे ही लढाऊ हेलिकॉप्टरे आणि चिनुक अशा मिळून ३७ हेलिकॉप्टरांच्या व्यवहाराला सुमारे तीन अब्ज डॉलर लागले, तर एमआय-१७ व्ही-५च्या पहिल्या ८० हेलिकॉप्टरांना सुमारे सव्वा अब्ज डॉलरच्या आसपास. अरुणाचलमधल्या एखाद्या खेड्यातून एका आजारी बाईला उतरवायचे, मतदान यंत्रे आणि कर्मचारी दुर्गम केंद्रावर सोडायचे, चौकीवर रॉकेल आणि भाजी न्यायची, या कामांना चिनुक पाठवणे म्हणजे कोथिंबिरीच्या जुडीसाठी दहाचाकी ट्रक काढणे होय. रोजच्या सेवेचा गाडा मध्यम हेलिकॉप्टरच ओढते आणि पुढेही तेच ओढणार आहे.

पुराच्या संदर्भात आपल्या शहरातही या विषयावर बरेच बोलले जाते, म्हणून थोडे विषयांतर करतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्याच्या विश्वामित्री नदीला महापूर आला, तेव्हा दाट वस्तीतली सुटका मुख्यत्वे होड्यांनी झाली, आणि हेलिकॉप्टरे अधिक का वापरली जात नाहीत, असा प्रश्न आमच्या सोसायटीतही रागारागाने विचारला गेला. तेरा टनांचे यंत्र हवेत स्थिर ठेवायचे, तर तेवढ्याच वजनाला तोलणारा हवेचा झोत खाली सतत सोडावा लागतो. त्या झोतात पत्रे उडतात, गच्चीवरच्या टाक्या हलतात आणि भिजलेली म्हातारी माणसे तोल जाऊन पडतात. विजेच्या तारा आणि मोबाइलचे मनोरे यांच्या जंजाळात दोरी सोडणे तर अधिकच धोक्याचे. मोकळ्या शेतात अडकलेल्या कुटुंबासाठी हेलिकॉप्टर, गल्लीत अडकलेल्या कुटुंबासाठी होडी, ही विभागणी योग्यच होती. लटकत्या भाराची जोखीम किती असते, हे त्याच आठवड्यात, ३१ ऑगस्ट २०२४ रोजी, केदारनाथजवळ दिसले. बिघडलेले एक खासगी हेलिकॉप्टर एमआय-१७च्या गळाला लटकवून नेले जात होते. भार वाऱ्याने हेलकावू लागताच वैमानिकाने तो निर्जन दरीत सोडून दिला. समाजमाध्यमांवर त्याची टिंगल झाली, पण त्या वैमानिकाने नेमके तेच केले जे करायला हवे होते.

आता मूळ दुखण्याकडे येतो. हेलिकॉप्टर विकत घेणे हा त्याच्या खर्चाचा आणि कष्टाचा केवळ पहिला हप्ता असतो. त्याच्या प्रत्येक मोठ्या भागाला, म्हणजे पाती, रोटर हब, मुख्य गिअरबॉक्स, इंजिने यांना, उड्डाणाचे तास आणि वर्षे अशी दुहेरी मुदत असते आणि दोन्हींपैकी जी आधी संपेल ती धरली जाते. मुदत संपली की भाग उतरवून ओव्हरहॉलला जातो. हवाई दलाचे हे काम चंडीगडच्या ३ बेस रिपेअर डेपोत चालते. तेथे अख्खे हेलिकॉप्टर उघडून, रंग खरवडून, सांगाड्याला कोठे चीर वा गंज आहे का ते तपासून, पुन्हा जोडून उडवून पाहिले जाते. व्ही-५च्या ओव्हरहॉलची सोयही आता तेथे झाली आहे आणि ही फार मोठी गोष्ट आहे, कारण एरवी प्रत्येक यंत्र किंवा निदान त्याचे इंजिन परदेशात पाठवून वर्ष-वर्ष वाट पाहावी लागली असती. वर्तमानपत्रांत मात्र या डेपोचे नाव क्वचितच येते. खरेदीच्या दिवशी आणि अपघाताच्या दिवशी पहिल्या पानावर आठ कॉलम मिळतात आणि मधल्या पंचवीस वर्षांना एक ओळही मिळत नाही.

मात्र ओव्हरहॉलची सोय आपली असली, तरी त्यात लागणारे सगळे भाग आपले नाहीत. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला, तेव्हा एकाच देशातले कारखाने एका रात्रीत वेगवेगळ्या देशांत गेले. हेलिकॉप्टर रशियात जुळवले जाई, पण एमआय-१७ची इंजिने प्रामुख्याने युक्रेनमधल्या झापोरिझ्झिया येथील कारखान्यात बनत. त्यानंतरची काही वर्षे आम्ही तंत्रज्ञांनी 'कॅनिबलायझेशन' करत काढली. एका उभ्या हेलिकॉप्टरचा पंप काढून दुसऱ्याला लावायचा, नोंदवहीत दोन्हीकडे लिहायचे आणि भाग आला की पुन्हा उलटे करायचे. दुप्पट काम आणि दुप्पट चुकांची संधी. २०१४ नंतर रशिया आणि युक्रेन यांच्यातले संबंध बिघडले, रशियाने इंजिनांचे उत्पादन स्वतःच्या देशात वळवण्याचा सपाटा लावला आणि २०२२ पासून तर दोघांत युद्धच सुरू आहे. त्यावर पाश्चात्त्य निर्बंधांमुळे पैसे चुकते करण्याच्या अडचणी आल्या. लेखकाने लिहायला हवे होते ते याविषयी. व्ही-५ म्हातारे होण्याआधी भागांअभावी जमिनीवर बसण्याचा धोका अधिक खरा आहे. रबरी सील, होसपाइप, बेअरिंग, फिल्टर, हायड्रॉलिकचे छोटे भाग यांतले जे जे देशात बनू शकते, ते बनवून, तपासून, प्रमाणित करून घेणे, हे काम नव्या खरेदीच्या घोषणेइतके चमकदार नाही. पण उद्या सकाळी किती हेलिकॉप्टरे उडतील, ते त्याच्यावर ठरते.

वारसदाराचा प्रश्न याहून बिकट आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने एमआय-१७ची जागा घेण्यासाठी सुमारे १३ टनांच्या भारतीय बहुउद्देशीय हेलिकॉप्टरची आखणी केली आहे आणि त्यासाठी फ्रान्सच्या साफ्रान कंपनीबरोबर मिळून 'अरवली' नावाचे इंजिन विकसित करण्याचे ठरले आहे. कल्पना उत्तम आहे. इंजिन भागीदारीत का होईना, पण आपले असणार, हे तर फारच उत्तम. पण वेळेचा हिशेब मांडून पाहा. याच कंपनीच्या 'ध्रुव'चे पहिले उड्डाण १९९२ मध्ये झाले आणि ते सेवेत आले २००२ मध्ये, आणि तेही साडेपाच टनांचे हेलिकॉप्टर होते. त्याहून दुपटीने जड यंत्राला, नव्या इंजिनासह, यापेक्षा कमी वेळ लागेल असे धरून चालणे भाबडेपणाचे होईल. आज पैसे मंजूर झाले आणि सगळे सुरळीत पार पडले, तरी पहिली तुकडी उभी राहीपर्यंत व्ही-५मधली ज्येष्ठ हेलिकॉप्टरे पंचविशीला आलेली असतील. स्वदेशी म्हटले की सगळे निर्धोक, असेही नाही. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचे ध्रुव कोसळले आणि तिघांचे प्राण गेले, तेव्हा तिन्ही दलांतली व तटरक्षक दलातली मिळून तीनशेहून अधिक ध्रुव हेलिकॉप्टरे काही महिने जमिनीवर ठेवावी लागली. अशा वेळी रसदीचा भार कोणी उचलला, हे सांगायला नको. नवे यंत्र आले, तरी त्याच्यातल्या खोडी कळून त्या निघेपर्यंत जुन्याने बरोबरीने उडत राहायला हवे, म्हणून दोघांच्या सेवेची काही वर्षे एकमेकांवर चढणे अत्यावश्यक आहे. तेवढा अवधी आपल्या हाती उरला आहे का, हा प्रश्न विचारण्याची वेळ आजची आहे.

उशीर कसा होतो, याचे उदाहरण पाहायला बडोदेकरांना दूर जावे लागत नाही. कानपूरला जुळवलेले हवाई दलाचे पहिले ॲव्हरो वाहतूक विमान १९६१ मध्ये उडाले होते. ते बदलण्यासाठी २०१३ मध्ये निविदा निघाली, सी-२९५च्या ५६ विमानांचा करार झाला सप्टेंबर २०२१ मध्ये, आणि पहिले विमान बडोद्याच्या तळावर उतरले सप्टेंबर २०२३ मध्ये. निविदेपासून विमानापर्यंत दहा वर्षे गेली, तीही तयार, जगभर उडत असलेल्या विमानासाठी. त्यांतली ४० विमाने आपल्याच शहरात बनणार आहेत आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या कारखान्याचे उद्घाटनही झाले, याचा मला इतर कोणाइतकाच अभिमान आहे. पण विमानाचे पंख आणि सांगाडा जोडण्याचे कसब आणि हेलिकॉप्टरचा गिअरबॉक्स घडवण्याचे कसब यांत फरक आहे. रोटर मिनिटाला दोनशेच्या आसपास फेरे घेतो आणि इंजिनाचा टर्बाइन हजारोंच्या घरात. या दोहोंच्या मधले दातेरी चक्र एका दात्यानेही दगा देऊन चालत नाही. अशा दात्यांचे पोलाद, त्यांचे उष्णोपचार, त्यांची चुंबकीय तपासणी, हे शिकायला पिढी लागते.

सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले ते हाताने काम करणारी, तंत्र जाणणारी माणसे घडावीत म्हणून. त्याच परंपरेतल्या आपल्या विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विद्याशाखेत आणि लालबागच्या गतिशक्ती विद्यापीठात आज विमानविद्येचा उत्साह दिसतो आहे. त्यात हेलिकॉप्टरच्या देखभालीला, विशेषतः गिअरबॉक्स, कंपनांचे मोजमाप आणि पात्यांची तपासणी यांना स्वतंत्र जागा मिळावी, असे मला सुचवावेसे वाटते. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत अचूक यंत्रकाम करणारी, सील आणि होस बनवणारी छोटी वर्कशॉप आहेत. त्यांच्यातल्या कोणाला हवाई दलासाठी भाग बनवायचा झाला, तर नमुना कोणाकडून मागायचा, चाचणी कोठे करायची, प्रमाणपत्र कोण देणार आणि पहिली ऑर्डर मिळेपर्यंत भांडवल कसे अडकवून ठेवायचे, हे सांगणारे कोणी गावात भेटत नाही. माझ्या ओळखीचे एक कारखानदार एका साध्या रबरी भागासाठी असे हेलपाटे घालून थकले आणि पुन्हा ट्रॅक्टरचे भाग बनवू लागले. कागदपत्रांच्या कडकपणाला माझा विरोध नाही. हवेत लटकणाऱ्या यंत्राच्या बाबतीत तो हवाच. पण कडकपणा आणि वाट न दाखवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या वर्तमानपत्राकडे माझी विनंती अशी आहे की, हा विषय पुरवणीतल्या एका लेखावर सोडू नये. आपल्या भागाच्या खासदारांनी लोकसभेत तीन गोष्टी विचारल्या पाहिजेत, आणि त्या विचारल्या जाईपर्यंत आपण पाठपुरावा करावा. चंडीगडच्या डेपोत वर्षाला किती व्ही-५ हेलिकॉप्टरांचे ओव्हरहॉल पूर्ण होते आणि किती रांगेत उभी आहेत. त्यांच्या सुट्या भागांपैकी कोणते गट अजून पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहेत. आणि नव्या बहुउद्देशीय हेलिकॉप्टरच्या पहिल्या उड्डाणाचे नेमके कोणते साल सरकारने धरले आहे. यांतली काही माहिती सुरक्षेच्या कारणास्तव रोखली जाईल, हे मी जाणतो. पण तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर रोखण्याजोगे काहीच नाही, आणि तेच उत्तर सगळ्यात आधी मिळायला हवे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त हवाई दल तंत्रज्ञ
दांडिया बाजार, बडोदे